कार्डांच्या पेटीपासून संगणकापर्यंत : सीमाभागाच्या अभ्यासकाने संदर्भसूचीचे कोणते साधन निवडावे?

महाजन आयोगाने महाराष्ट्राला किती गावे देऊ केली? सीमाप्रश्नावरील छापील मजकुरात या साध्या प्रश्नाची दोन उत्तरे फिरताना दिसतात. कोठे २६४, तर कोठे २६२. महाराष्ट्राचा मूळ दावा किती गावांवर आहे, याचेही तसेच. एका ठिकाणी ८१४ हा आकडा येतो, दुसऱ्या ठिकाणी ८६५. यांतील प्रत्येक आकडा कोणत्या तरी कागदावरून निघाला आहे आणि तो कागद विशिष्ट वर्षी, विशिष्ट पक्षाने, विशिष्ट हेतूने मांडलेला आहे. आमच्या पत्रकांतून, स्मरणिकांतून आणि भाषणांतून मात्र आकडा तेवढा पुढे जातो आणि कागद मागे राहतो. २००४ सालापासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायासनापुढे आकडा बोलत नाही, पान बोलते. म्हणून ज्याला आजवर आम्ही ग्रंथपालांचे किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे काम समजत आलो, त्या संदर्भसूचीच्या विषयाकडे या वेळी वळत आहोत. सीमाभागातील तरुण अभ्यासक आता संगणकावर लिहितात; संदर्भ सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न ते आम्हाला विचारतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते पटण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

हा इतिहास कागदी कार्डापासून सुरू होतो. १८९५ साली ब्रुसेल्स येथे पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन या दोन कायदेपंडितांनी जगातील सर्व छापील साहित्याची एकच सूची करण्याचा संकल्प सोडला. एका कार्डावर एकच नोंद, कार्डाचा आकार ठरलेला, म्हणजे साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटर, आणि प्रत्येक कार्डाला विषयाचा क्रमांक, अशी ती रचना होती. पुढील काही दशकांत ही कार्डे एक कोटीच्या वर गेली. पत्राने प्रश्न पाठवावा आणि उत्तरादाखल कार्डांच्या नकला मागवाव्यात, अशी सोयही त्यांनी केली होती. ला फोंतेन यांना १९१३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. सूचीची गोष्ट फारशी कोणाला नसते. १९३४ मध्ये बेल्जियमच्या सरकारने या संग्रहाची जागा बंद केली, १९४० मध्ये जर्मन सैन्याने ती रिकामी करवली आणि त्यात बराच भाग नष्ट झाला. जो उरला तो आज मोन्स शहरातील संग्रहालयात आहे. बेल्जियम हा स्वतःच भाषिक सीमारेषेवरून भांडत आलेला देश असल्यामुळे आम्हाला या कथेचे अधिक वाटते. एक कोटी कार्डे असूनही त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती, हा त्यातील खरा धडा. पुढे सॉफ्टवेअरच्या निवडीत तो पुन्हा उपयोगी पडेल.

आपल्याकडे या शास्त्राचे दार उघडले ते बडोद्यात. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणले. तो १९१३ पर्यंत बडोद्यात राहिला, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, ग्रंथालयशास्त्राचा वर्ग १९११ मध्ये सुरू केला आणि बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरणपद्धती आखली. १९१२ पासून निघू लागलेले तेथील ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. ग्रंथपालाने सूची कशी करावी, हा विषय मराठीत छापला जात होता तो मुंबई इलाख्याच्या बाहेर, एका संस्थानात. बडोद्याच्या मराठी समाजाने या गोष्टीचा अभिमान अधिक मोठ्याने सांगायला हरकत नाही.

मराठी ग्रंथांची खरी सूची मात्र एका माणसाने केली. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळाचा आणि दुसरा १९३८ ते १९५० चा. मुद्रणाच्या आरंभापासून दीडशे वर्षांत मराठीत काय छापले गेले, याचा हिशेब या दोन खंडांवाचून आजही मांडता येत नाही. त्यांच्या नावाने पुढे नियतकालिकांच्या सूचीचेही काम झाले. अशी कामे अनुदानाने किंवा समित्यांनी होत नसतात. कोणीतरी रोज सकाळी बसून पुस्तकाचे मुखपृष्ठ उघडतो, आतले पान पाहतो, लेखक, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठसंख्या उतरवतो, तेव्हा ती होतात. सीमाभागातील प्रकाशनांची अशी वेगळी सूची आम्हाला हवी असेल तर तीही अशीच व्हावी लागेल. साधन बदलले तरी बैठक तीच.

आता संगणकाकडे येऊ. संदर्भसूची बनवणारी पहिली साधने विज्ञानाच्या प्रयोगशाळांभोवती जन्मली. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स प्रणालीवर ‘रेफर’ नावाची छोटी आज्ञावली १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. १९८५ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लेटेक’ला जोड म्हणून ओरेन पटाशनिक यांनी ‘बिबटेक’ लिहिले. त्याच दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात ‘एंडनोट’ बाजारात आले आणि पुढे थॉमसन कंपनीच्या मालकीचे झाले; २०१६ पासून ते क्लॅरिव्हेटकडे आहे. या साधनांनी रसायनशास्त्रज्ञाचे आयुष्य सुखाचे केले, यात शंका नाही. त्याला नियतकालिकातील लेख हवा असतो. लेखाला खंड, अंक, पान असते. मजकुरात एक क्रमांक टाकला की काम भागते.

इतिहासकाराचे तसे नाही. त्याच्या संदर्भात दफ्तरातील रुमाल असतो, मोडी कागद असतो, गॅझेटियरचे एखादे पान असते, मुखपृष्ठ फाटलेली पत्रिका असते. त्याला तळटीप हवी आणि तळटिपेत चार शब्दांचे भाष्यही हवे. त्याला ‘तत्रैव’ हवे, ‘संपा.’ हवे, मूळ आवृत्तीचे साल आणि हाताशी असलेल्या पुनर्मुद्रणाचे साल अशी दोन्ही हवीत. मानव्यशास्त्रांसाठी म्हणून अमेरिकेत १९८०च्या दशकात ‘नोटा बेने’ हे साधन निघाले आणि ते गुणी होते. परंतु ते महाग आणि एका लहान वर्तुळापुरते राहिले. बाकीच्या साधनांत इतिहासकाराला विज्ञानाच्या साच्यात अंग चोरून बसावे लागे.

मराठी लिहिणाऱ्याला तर बसायलाच जागा नव्हती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९८८ मध्ये ठरला आणि त्याच्याच आधारावर १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा तक्ता आला. प्रत्यक्षात पुढली पंधरा-वीस वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत अडकून राहिला. श्रीलिपीत टंकलेला ‘बेळगाव’ हा शब्द आकृतीत उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. अशा मजकुराचा शोध घेता येत नाही, तो अकारविल्हे लावता येत नाही, म्हणजेच त्याची सूची करता येत नाही. त्या काळातील कित्येक स्मरणिकांच्या आणि विशेषांकांच्या फाइली आजही कोणाच्या तरी जुन्या सीडीवर आहेत आणि वाचता येत नाहीत, तर त्याच काळातील छापील प्रत कपाटात सुखरूप आहे. टंकाच्या मालकीने भाषेचे जे नुकसान केले त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

या पार्श्वभूमीवर २००६ चा ऑक्टोबर महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने ‘झोटेरो’ हे साधन विनामूल्य आणि मुक्त स्रोत म्हणून खुले केले. हे केंद्र रॉय रोझेनझ्वाइग या इतिहासकाराने १९९४ मध्ये स्थापिले होते. म्हणजे इतिहासकारांनी इतिहासकारांसाठी साधन घडवले. नाव अल्बेनियन भाषेतून घेतलेले; एखादी गोष्ट आत्मसात करणे, तिच्यावर प्रभुत्व मिळवणे, असा त्या मूळ क्रियापदाचा अर्थ. एका लहान युरोपीय भाषेतील शब्द जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी बसला, याचे भाषेच्या कार्यकर्त्याला कौतुक वाटणारच. रोझेनझ्वाइग पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, वारले.

त्यानंतर जे घडले ते आमच्या दृष्टीने या इतिहासाचे मर्म आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ‘एंडनोट’च्या मालक कंपनीने, थॉमसन रॉयटर्सने, व्हर्जिनिया राज्याच्या न्यायालयात दावा लावला. झोटेरोच्या नव्या आवृत्तीत एंडनोटच्या ‘शैली-फाइली’ वाचण्याची सोय येत होती आणि ती आमच्या आज्ञावलीची उकल करून मिळवली, असा कंपनीचा आक्षेप होता. भरपाईची मागणी एक कोटी डॉलरच्या घरातली होती. शैली-फाइल म्हणजे काय? स्वल्पविराम कोठे, अर्धविराम कोठे, लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, एवढेच सांगणारी यादी. या यादीवर मालकी कोणाची, यावरून विद्यापीठाला न्यायालयात उभे राहावे लागले. जून २००९ मध्ये दावा निकालात निघाला आणि झोटेरो टिकले.

दरम्यान शैली लिहिण्याची एक खुली भाषा तयार झाली होती. ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने तिची सुरुवात केली. ‘सीएसएल’ या नावाने ती ओळखली जाते आणि आज तिच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली कोणालाही मोफत उपलब्ध आहेत. ही भाषा साध्या मजकुराच्या रूपात असते. त्यामुळे ‘ibid.’ असा रोमन शब्द जेथे उमटतो तेथे ‘तत्रैव’, संपादकाच्या खुणेजागी ‘संपा.’, ‘पृ.’ आणि ‘आवृ.’ असे मराठी शब्द घालणे थोड्या धीराच्या माणसाला जमते. २००८ चा दावा कंपनीच्या बाजूने गेला असता तर विरामचिन्हांच्या मांडणीवरही कोणाची तरी परवानगी मागण्याचा पायंडा पडला असता. तो कोठवर गेला असता याची कल्पना करवत नाही.

दुसरे उदाहरण ‘मेंडेली’चे. लंडनमध्ये २००८ च्या सुमारास सुरू झालेले हे साधन तरुण संशोधकांत फार लोकप्रिय झाले. एप्रिल २०१३ मध्ये एल्सव्हिअर या बलाढ्य प्रकाशन कंपनीने ते विकत घेतले. २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीत वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरील नोंदींची फाइल कूटबद्ध झाली आणि ती झोटेरोत थेट उचलून नेण्याची वाट बंद पडली. गोपनीयतेच्या रक्षणासाठी हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी ज्याने दहा वर्षे टिपणे काढली, त्याच्या टिपणांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली, हेही तितकेच खरे. २०२२ च्या सप्टेंबरनंतर जुने मेंडेली डेस्कटॉप नव्याने उतरवून घेण्याची सोयही राहिली नाही.

आमचा लढा सहा दशकांहून जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला ज्यांनी काळा दिवस पाहिला, त्यांची नातवंडे आता संशोधन करीत आहेत. एवढ्या लांब पल्ल्याच्या कामात कंपन्या येतात आणि विकल्या जातात. म्हणून साधनाचे पहिले मूल्यमापन त्याच्या सोयीसुविधांवरून न करता, उद्या ते सोडून जायचे ठरवले तर आपल्या नोंदी घेऊन बाहेर पडता येते का, यावरून केले पाहिजे. झोटेरोतील सर्व नोंदी आपल्याच संगणकावर एका फाइलीत असतात आणि बिबटेक, आरआयएस आदी खुल्या स्वरूपांत केव्हाही बाहेर काढता येतात. आमची शिफारस झोटेरोची आहे, ती मुख्यतः या कारणासाठी. विनामूल्य असणे हे दुसरे कारण, आणि सीमाभागातील महाविद्यालयांची स्थिती पाहता ते लहान नाही.

परंतु साधन निवडल्याने प्रश्न सुटत नाहीत. सीमाभागाच्या, आणि एकूणच बृहन्महाराष्ट्राच्या, अभ्यासात खरी मेख लेखकाच्या नावात आहे. गोव्याचे थोर इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचे उदाहरण घ्या. पोर्तुगीज ग्रंथांवर त्यांचे नाव ‘पांडुरोंगा’ अशा पोर्तुगीज वळणाने आणि त्या लिपीच्या वर्णलेखनाने छापलेले, इंग्रजी सूचींत आद्याक्षरांसह, आणि मराठीत आपण लिहितो तसे. सॉफ्टवेअरच्या लेखी ही तीन माणसे. हैदराबादचे सेतुमाधवराव पगडी यांचे याहून मजेशीर. त्यांच्या इंग्रजी पुस्तकांवर दक्षिणेच्या रीतीप्रमाणे पगडी या आडनावाचे केवळ ‘पी.’ हे आद्याक्षर पुढे येते आणि मागे ‘सेतु माधव राव’. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून नोंद आपोआप उचलली की संगणक ‘राव’ हे आडनाव ठरवतो आणि पगडींना र-च्या रांगेत नेऊन बसवतो. धारवाडचे शं. बा. जोशी कन्नडचे नामांकित संशोधक. पण ‘मऱ्हाटी संस्कृती’ त्यांनी मराठीत लिहिली. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी; ‘अंबिकातनयदत्त’ हे त्यांचे काव्यनाम; घरची भाषा मराठी आणि मराठीतही लेखन. कन्नड लिपीतील, देवनागरीतील आणि रोमनमधील नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. ज्या भूभागात माणसे तीन भाषांत जगली, तेथील सूची एकभाषिक साच्यात बसत नाही, हा सीमाभागाच्या इतिहासाचा स्वभावच आहे, आणि दोन्ही बाजूंच्या कडव्यांना तो सारखाच गैरसोयीचा आहे.

नावाचा आरंभशब्द कोणता धरावा, हा वाद ग्रंथपालांनी १९६१ च्या पॅरिस परिषदेत सोडवला होता. लेखक ज्या देशाचा नागरिक, तेथील रूढी प्रमाण, असे तत्त्व तेथे मान्य झाले. आमच्या अडचणीला ते अर्धेच पुरते, कारण एकाच देशात, किंबहुना एकाच जिल्ह्यात, दोन रूढी आहेत. म्हणून आम्ही असा नियम सुचवतो. नोंद मुखपृष्ठावरील लिपीत आणि तेथील वर्णलेखनानुसार करावी. त्याच लेखकाची अन्य रूपे झोटेरोच्या ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात, नेहमी त्याच क्रमाने, लिहावीत. शोध घेताना मग ‘पगडी’ लिहिले तरी ‘राव’ सापडतात. ज्ञानेश्वर, तुकाराम, कुसुमाग्रज अशा नावांना आडनाव-नाव असे दोन रकाने नकोत. एकच रकाना करण्याची सोय झोटेरोत नावाशेजारीच आहे. नागोया विद्यापीठातील फ्रँक बेनेट यांनी ‘ज्युरिस-एम’ हे झोटेरोचे बहुभाषी रूप काढले आणि त्यात एका नोंदीला लिप्यंतर आणि भाषांतर दोन्ही जोडता येतात. कल्पना म्हणून ती आमच्यासाठीच केली असावी असे वाटते. पण मूळ झोटेरोच्या वेगाशी ती शाखा पाऊल मिळवू शकलेली नाही, म्हणून नवशिक्याला आम्ही ती सुचवत नाही.

संस्थांच्या आणि आयोगांच्या नावांचा घोळ निराळा. ‘महाजन आयोग’ असे दोन रकान्यांत लिहिले की सूचीत ‘आयोग, महाजन’ असे छापून येते. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण यामुळे अहवाल सापडेनासा होतो. मुळात त्या अहवालाच्या शीर्षकात महाजन हे नाव नाहीच. ‘महाराष्ट्र–म्हैसूर–केरळ सीमावादांवरील आयोग’ असे त्याचे अधिकृत नाव. कासरगोडमुळे केरळ त्यात आहे, आणि १९६७ साली कर्नाटक हे राज्याचे नावच नव्हते, ते १९७३ मध्ये आले. जो विद्यार्थी ग्रंथालयाच्या सूचीत ‘महाजन’ आणि ‘कर्नाटक’ हे दोनच शब्द टाकून शोधतो, तो रिकाम्या हाताने परततो आणि ‘अहवाल मिळत नाही’ अशी आवई उठते. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालाचेही असेच. आपण फाजल अलींच्या नावाने त्याला ओळखतो, सूची ओळखत नाही.

येथे एक नाजूक मुद्दा येतो. १८८४ च्या गॅझेटियरच्या एकविसाव्या खंडाचे नाव ‘बेलगाम’ आहे. १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सरकारी कागदांवर ‘बेळगावी’ आहे. आमच्या लेखनात आम्ही बेळगावच लिहितो आणि लिहीत राहू. पण दुसऱ्याच्या ग्रंथाचे शीर्षक, प्रकाशनस्थळ किंवा कागदावरील शिक्का यांत आपल्या पसंतीचे रूप घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. काही मित्रांना हा शरणागतीचा प्रकार वाटतो. आम्हाला वाटत नाही. संदर्भ म्हणजे वाचकाला त्या कागदापर्यंत नेणारी वाट. वाटेवरची पाटी बदलली तर वाचक हरवतो आणि आपली बाजूही त्याच्याबरोबर हरवते. प्रतिपक्षाच्या अभ्यासकाने आमची तळटीप उघडून तेच पान काढावे आणि त्याला तोच मजकूर दिसावा.

तारखांविषयी थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ मराठी पुस्तकांवर केवळ शालिवाहन शक असतो. अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढला तरी पौष-माघ-फाल्गुनाच्या काळात एक वर्षाची चूक होऊ शकते, म्हणून छापलेला शक नोंदीत जसाच्या तसा राहू द्यावा आणि सन तारखेच्या रकान्यात घालावा. पुनर्मुद्रण असेल तर ‘एक्स्ट्रा’ रकान्यात मूळ प्रकाशनाचे साल घालता येते आणि चांगल्या शैली ते छापतातही.

लिपीचे दोन सापळे मात्र ठाऊक हवेत. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-च्या लगेच पुढे बसवला आहे. मराठी वर्णमालेत तो ह-च्या नंतर येतो. त्यामुळे तक्त्याच्या क्रमाने गेलेला संगणक कालेलकर, काळे, कावळे अशी रांग लावतो, मराठी माणूस कालेलकर, कावळे, काळे अशी लावतो. अंतिम सूची छापण्यापूर्वी हा क्रम डोळ्यांनी तपासावा. दुसरा सापळा ‘ॲ’ या अक्षराचा. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र स्थान दिले; त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला दोन वाटतात. १९५६ चा राज्य पुनर्रचना ‘ॲक्ट’ शोधताना अर्ध्या नोंदी गायब होतात त्या यामुळे. एका गटाने एकच कळफलक वापरायचे ठरवले की हा प्रश्न मिटतो. देवनागरी, कन्नड आणि रोमन नोंदींची मिसळ करू नये. लिपीनुसार तीन वेगळ्या याद्या छापाव्यात, हे आमचे मत.

इतर साधनांविषयी. ज्याचे विद्यापीठ एंडनोटचे पैसे भरते, त्याने ते वापरायला हरकत नाही, मात्र दर सहा महिन्यांनी आरआयएस स्वरूपात संपूर्ण संग्रह बाहेर काढून ठेवावा. गणिती सफाईने ग्रंथ जुळवणाऱ्या लेटेक-वापरकर्त्याला ‘जॅबरेफ’ आणि ‘बिबलेटेक’ यांची जोडी पुरते. मूळ बिबटेकच्या वाटेला देवनागरीसाठी जाऊ नये. पुराभिलेखागारात मोबाइलने शेकडो छायाचित्रे काढणाऱ्याने झोटेरोच्या जोडीला ‘ट्रॉपी’ घ्यावे. झोटेरो जेथे जन्मले त्याच केंद्रातून २०१७ मध्ये ते निघाले; एका दस्तऐवजाची दहा छायाचित्रे एका नोंदीखाली बांधून त्यावर दफ्तर, रुमाल, पान असे लिहिता येते. मोडी कागदांवर काम करणाऱ्या ग्वाल्हेर-इंदूरकडील मित्रांना ते विशेष उपयोगी पडेल.

राहता राहिला पैशाचा आणि प्रतींचा हिशेब. झोटेरोच्या महाजालावरील साठ्यात ३०० एमबीपर्यंतच्या फाइली मोफत राहतात. नुसत्या नोंदींना ही मर्यादा नाही. स्कॅन केलेले दोन-तीन जाड अहवाल एवढी जागा खाऊन टाकतात. गट-संग्रह केला तर त्याचा भार गट स्थापन करणाऱ्याच्या खात्यावर पडतो. म्हणून नोंदी गटात ठेवाव्यात, फाइली आपापल्या डिस्कवर, आणि त्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या गावी. बेळगावची प्रत निपाणीत, निपाणीची कारवारात, असे वाटून घेतले तर खर्च एका डिस्कपुरता येतो.

जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी वह्या, कात्रणे आणि पाठकोऱ्या कागदांवरची टिपणे आहेत. नोंदी भरायला बसणाऱ्या तरुणांनी प्रथम ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीचा १९०५ चा सातवा खंड, मग १८८४ चे गॅझेटियर, मग १९५५ आणि १९६७ चे अहवाल या क्रमाने नोंदी कराव्यात आणि त्यानंतर या वह्यांकडे वळावे. वहीत ‘महाजन, पान अमुक’ असे लिहिलेले दिसेल. ते पान अहवालात उघडून, मजकूर जुळला तरच त्या नोंदीला ‘तपासले’ ही खूण लावावी, आणि खुणेशेजारी तपासणाऱ्याचे नाव व दिनांक घालावा. २६४ आणि २६२ या आकड्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही.